गृहकर्जाची थकबाकी व तारण घरावरील वसुली (गोवा)

घर बांधण्यासाठी किंवा विकत घेण्यासाठी काढलेल्या कर्जाचे मासिक हप्ते मुदतीत न भरल्यामुळे साचत जाणाऱ्या रकमेस गृहकर्जाची थकबाकी म्हणतात. या कर्जासाठी तेच घर तारण असल्याने वसुलीची कारवाई अखेरीस राहत्या घरापर्यंत पोहोचते. ही कारवाई देशभर मुख्यतः २००२ च्या सरफेसी कायद्यानुसार, म्हणजे न्यायालयात न जाता तारण मालमत्ता ताब्यात घेऊन विकण्याचा अधिकार बँकांना देणाऱ्या कायद्यानुसार, चालते. गोव्यात मात्र पोर्तुगीज काळापासून चालत आलेला नागरी कायदा, जमिनीच्या मालकीचे जुने प्रकार आणि कर्जवसुलीचे खटले चालवणाऱ्या न्यायाधिकरणाचे दूर अंतर यांमुळे तिला काही स्थानिक पैलू प्राप्त झाले आहेत.

हप्ता चुकल्यापासून पहिले ९० दिवस कर्जदारासाठी सर्वांत मोलाचे असतात, आणि नेमके हेच दिवस संकोचापोटी वाया जाताना दिसतात. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार थकलेले खाते ३० दिवसांपर्यंत पहिल्या, ६० दिवसांपर्यंत दुसऱ्या आणि ९० दिवसांपर्यंत तिसऱ्या पायरीच्या ‘विशेष उल्लेख’ वर्गात ठेवले जाते, व ९० दिवस उलटल्यावर ते अनुत्पादक, म्हणजेच बोलीभाषेत ‘एनपीए’, ठरते. तोपर्यंत शाखा व्यवस्थापकाला मुदत वाढवून हप्ता कमी करणे किंवा कर्जाची पुनर्रचना करणे तुलनेने सोपे जाते. खाते एकदा अनुत्पादक झाले की एखाददुसरा हप्ता भरून ते पूर्ववत होत नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेने स्पष्ट केल्याप्रमाणे मुद्दल व व्याज यांची संपूर्ण थकबाकी भरल्यावरच ते पुन्हा नियमित मानता येते. म्हणून नोकरी सुटली, आजारपण आले किंवा बोटीवरचे कंत्राट लांबले, तर हप्ता चुकण्याआधीच बँकेला लेखी कळवून पोच घेऊन ठेवणे कर्जदाराच्या हिताचे असते.

या काळात वसुलीसाठी येणाऱ्या माणसांनाही मर्यादा आहेत. वसुली प्रतिनिधींनी सकाळी ८ पूर्वी व संध्याकाळी ७ नंतर थकीत रकमेसाठी दूरध्वनी करू नयेत, तसेच कर्जदाराला किंवा त्याच्या कुटुंबीयांना धमकावू वा चारचौघांत अपमानित करू नये, असा रिझर्व्ह बँकेचा आदेश आहे. हप्ता चुकल्याबद्दल दंडव्याज लावण्याची जुनी पद्धत २०२४ पासून बंद झाली असून आता केवळ वाजवी दंडात्मक शुल्क आकारता येते, आणि ते मुद्दलात मिळवून त्यावर पुन्हा व्याज लावता येत नाही. या नियमांचा भंग झाल्यास आधी बँकेकडे लेखी तक्रार करावी लागते, आणि ३० दिवसांत समाधानकारक उत्तर न मिळाल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनामूल्य दाद मागता येते.

खाते अनुत्पादक झाल्यावर बँक सरफेसी कायद्याच्या कलम १३(२) खाली मागणी नोटीस काढते आणि संपूर्ण येणे रक्कम ६० दिवसांत भरण्यास सांगते. या नोटिशीला कर्जदाराने लेखी हरकत घेतल्यास बँकेने १५ दिवसांत कारणांसह उत्तर देणे बंधनकारक आहे. हा हक्क फार थोडे कर्जदार वापरतात. वास्तविक व्याजाच्या हिशेबातील चूक, भरलेल्या रकमेची नोंद न होणे किंवा पुनर्रचनेचा प्रलंबित अर्ज या गोष्टी कागदावर आणण्याची ही योग्य वेळ असते. नोटीस मिळाल्यानंतर बँकेच्या लेखी संमतीशिवाय घर विकता किंवा भाड्याने देता येत नाही. पण संमती घेऊन कर्जदाराने स्वतःच गिऱ्हाईक आणले, तर सदनिकेला सहसा लिलावापेक्षा चांगला भाव मिळतो.

गोव्यात नोटीस बजावण्याचा प्रश्न वेगळ्या कारणाने नाजूक होतो. कुटुंबातील कमावती माणसे आखातात, युरोपात किंवा जहाजावर असल्यामुळे अनेक घरे महिनोन् महिने बंद असतात. नेहमीच्या मार्गाने बजावणी होऊ शकत नसेल, तर घराच्या दर्शनी भागावर नोटीस चिकटवून आणि ती दोन वृत्तपत्रांत प्रसिद्ध करून बजावता येते, व त्यांपैकी एक वृत्तपत्र प्रादेशिक भाषेतील असावे लागते. त्यामुळे मराठी दैनिकांच्या आतल्या पानांवरील दाट अक्षरांच्या जाहिरातींतून शेजाऱ्यांना ही बातमी घरमालकाच्या आधी कळू शकते. परदेशी असणाऱ्याने बँकेकडील पत्ता, ईमेल व दूरध्वनी अद्ययावत ठेवणे हा यावर साधा आणि परिणामकारक उपाय आहे.

साठ दिवसांत रक्कम न भरल्यास बँक कलम १३(४) खाली ताबा घेते. प्रथम सामान्यतः सांकेतिक ताबा घेतला जातो, म्हणजे घरावर ताबा नोटीस लावून ती सात दिवसांच्या आत वृत्तपत्रांत दिली जाते, पण कुटुंब घरातच राहते. प्रत्यक्ष ताब्यासाठी बँक कलम १४ अन्वये जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करते. त्यांनी ३० दिवसांत आणि कारणे नोंदवून जास्तीत जास्त ६० दिवसांत आदेश द्यावा, असे कायदा सांगतो. आदेशाची अंमलबजावणी हाताखालच्या अधिकाऱ्याकडे, गोव्यात बहुधा मामलेदाराकडे (तालुक्याच्या महसूल अधिकाऱ्याकडे), सोपवली जाते व गरजेनुसार पोलीस बंदोबस्त दिला जातो. कर्ज योग्य होते की अयोग्य, याचा निवाडा दंडाधिकारी करत नाहीत, कारण त्यांचे काम बँकेचे शपथपत्र व कागदपत्रे तपासण्यापुरते असते. ही बाब माहीत नसल्याने अनेक जण आपली कैफियत चुकीच्या दारी मांडत राहतात.

दाद मागण्याचे खरे ठिकाण कर्जवसुली न्यायाधिकरण हे असून कलम १७ खालील अर्ज ताब्याच्या कारवाईपासून ४५ दिवसांत करावा लागतो. दिवाणी न्यायालयाला या विषयात सामान्यतः अधिकार नाही. २००४ मधील मार्डिया केमिकल्स खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने, या अर्जासाठी येणे रकमेच्या ७५ टक्के आधी भरण्याची अट घटनाबाह्य ठरवली, म्हणून पहिल्या टप्प्यावर अशी रक्कम ठेवावी लागत नाही. अपिलात मात्र ५० टक्के ठेव द्यावी लागते व ती २५ टक्क्यांपर्यंत कमी करता येते. गोव्यातील प्रकरणे मुंबईच्या न्यायाधिकरणाकडे जात आली आहेत. काणकोण किंवा सत्तरीतील कर्जदाराला मुंबईतील वकील, प्रवास आणि पुढच्या तारखा परवडत नाहीत, आणि कायद्याने दिलेले संरक्षण त्याच्यापुरते फार पातळ होते. पर्वरी येथे मुंबई उच्च न्यायालयाचे गोवा खंडपीठ असले, तरी न्यायाधिकरणाचा मार्ग उपलब्ध असताना उच्च न्यायालयाने अशा रिट याचिका सहसा ऐकू नयेत, ही सर्वोच्च न्यायालयाची भूमिका आहे.

गोव्याचे खरे वेगळेपण मालकीच्या कायद्यात आहे. १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेतून आलेल्या आणि आता वारसाहक्कापुरत्या २०१२ च्या गोवा कायद्यात सामावलेल्या व्यवस्थेनुसार, विवाहाच्या वेळी वेगळा करार केलेला नसल्यास पती-पत्नींची मालमत्ता सामाईक असते व प्रत्येकाचा त्यात निम्मा वाटा असतो. एका जोडीदाराला दुसऱ्याच्या संमतीशिवाय स्थावर मालमत्ता विकता येत नाही. म्हणून गोव्यातील बँका घर एकाच्या नावावर दिसत असले तरी गहाणासाठी दोघांच्याही सह्या घेतात. पतीच्या व्यवसायासाठी काढलेल्या कर्जाच्या कागदांवर पत्नीने केलेली सही ही केवळ साक्षीची नसते, तिने आपला निम्मा वाटाही त्या सहीने तारण ठेवलेला असतो. हे तिला सही घेताना समजावून सांगितले जावे, असे प्रस्तुत नोंदकाराचे ठाम मत आहे. जोडीदाराच्या मृत्यूनंतर त्याचा वाटा वारसांकडे जातो आणि इन्व्हेंटरीची, म्हणजे मालमत्तेची यादी करून वारसांत वाटप करण्याची, प्रक्रिया होईपर्यंत घर अविभक्त राहते, पण त्यावरील गहाण संपत नाही.

कोमुनिदादची (जुन्या गावसंस्थेची सामूहिक) जमीन किंवा भाटकाराच्या (जमीनमालकाच्या) जमिनीवर राहणाऱ्या मुंडकाराचे घर यांना निर्विवाद मालकी हक्काअभावी मोठ्या बँकांचे गृहकर्ज मिळणे कठीण जाते. अशी कुटुंबे अनेकदा पतसंस्थांकडे वळतात. सरफेसी कायदा सहकारी बँकांना लागू होतो, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०२० मध्ये निश्चित केले. पतसंस्थांना तो वापरता येत नाही आणि त्यांची वसुली सहकार कायद्याच्या मार्गाने चालते.

थकबाकी नेहमी एकेकट्या घराचीच असते असे नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने ऑक्टोबर २०१२ मध्ये आणि पुन्हा मार्च २०१८ मध्ये खाणी थांबल्या, तेव्हा डिचोली, सत्तरी, सांगे, केपे या भागांतील ट्रकमालक, बार्जमालक, गॅरेजवाले व कामगार यांचे उत्पन्न एकाच वेळी आटले. २०२० च्या महासाथीत पर्यटन बंद पडल्यावर रिझर्व्ह बँकेने मार्च ते ऑगस्ट असे सहा महिने हप्ते पुढे ढकलण्याची मुभा दिली, तरी त्या काळातील व्याज चालूच राहिले.

लिलावापूर्वी बँकेला मान्यताप्राप्त मूल्यांकनकाराकडून घराची किंमत काढून राखीव किंमत ठरवावी लागते आणि कर्जदाराला ३० दिवसांची नोटीस द्यावी लागते. २०१६ च्या दुरुस्तीनंतर संपूर्ण रक्कम भरून घर सोडवण्याचा हक्क लिलावाची जाहिरात प्रसिद्ध होईपर्यंतच टिकतो, लिलावाच्या दिवसापर्यंत नाही. ‘शेवटच्या दिवशी पैसे भरू’ या भरवशावर राहणाऱ्यांचे घर याच ठिकाणी हातचे जाते. त्याआधी एकरकमी तडजोड करता येते, पण ती देणे न देणे बँकेच्या धोरणावर अवलंबून असते. विक्रीतून खर्च व येणे वजा जाता उरलेली रक्कम कर्जदाराची असते, आणि रक्कम कमी पडल्यास उरलेल्या कर्जासाठी बँक त्याच्यावर व जामीनदारांवर पुढे कारवाई करू शकते. मुद्दल व व्याजाच्या २० टक्क्यांहून कमी रक्कम येणे उरली असेल, तर मात्र सरफेसीची कारवाईच करता येत नाही.

कर्ज पूर्ण फिटल्यावर ३० दिवसांत मूळ कागदपत्रे परत करून बोजा उतरवण्याचे बंधन डिसेंबर २०२३ पासून लागू आहे, आणि बँकेच्या चुकीने विलंब झाल्यास दिवसाला ५,००० रुपये भरपाई द्यावी लागते. कागद गहाळ झाल्यास त्यांच्या प्रमाणित प्रती मिळवून देण्याचा खर्चही बँकेवर असतो. गोव्यात या गठ्ठ्यात पोर्तुगीज भाषेतील जुने हस्तलिखित लेखही असू शकतात, म्हणून तारण ठेवतानाच बँकेकडून प्रत्येक कागदाची सहीशिक्क्याची यादी घेऊन ठेवावी लागते.