करवंदाचा जॅम: फक्त काळीभोर फळं घेऊन तो धरत नाही

मे महिना आला की हा सल्ला हमखास फिरतो: 'जॅमला पिकून मऊ झालेली करवंदंच घ्या, हिरवं एकही नको.' चवीपुरतं ते ठीक. पण नुसत्या अशा फळांचा जॅम बहुधा पातळ राहतो. मग तो आटवत बसावं लागतं आणि जाळीतून वेचून आणलेल्या करवंदांचा सुंदर वास वाफेबरोबर निघून जातो. फार वाईट वाटतं ते पाहून.

जॅम धरतो, म्हणजे थंड झाल्यावर घट्ट होतो, तो फळातल्या पेक्टिन नावाच्या द्रव्यामुळे. कच्च्या, गदरलेल्या फळात ते भरपूर असतं. फळ पिकत जातं तसं ते मोडत जातं. आंबटपणाही कमी होतो, आणि पेक्टिन धरायला साखरेइतकीच आंबटपणाची गरज असते. म्हणून तीन वाटे पिकलेल्या करवंदांत एक वाटा तांबूस-हिरवी मिसळा. हिरव्यांचा चीक बोटांना चिकटतो, तेव्हा देठ काढताना हाताला तेल लावा. फळं थोड्या पाण्यात शिजवून चाळणीवर घोटा, बिया वर राहतील. साखर त्यानंतरच घाला.

झाला की नाही, हे कढईतल्या घट्टपणावरून ठरवू नका. गरम जॅम सैलच दिसतो. थंड बशीवर थेंब टाका, मिनिटभराने बोटाने सरकवा. वर सुरकुती पडली की गॅस बंद. थर्मामीटरवर हे साधारण 104-105 अंशांना होतं. महाबळेश्वरसारख्या उंच जागी मात्र पाणीच 100 अंशांच्या खाली उकळतं, तिथे बशीचंच ऐका.