जून ते सप्टेंबर संपूर्ण श्रीलंका पावसात असते का?

‘जून ते सप्टेंबर श्रीलंकेला जाऊ नये, सगळीकडे पाऊस असतो’ असा सल्ला वर्षानुवर्षे फिरतो आहे. तो अर्धाच खरा आहे. नैर्ऋत्य मोसमी वारे मे ते सप्टेंबर या काळात कोलंबो, गाल्ले आणि मध्यवर्ती डोंगरांचा पश्चिम उतार भिजवतात. मात्र डोंगर ओलांडताना त्यांतले बाष्प बरेचसे सरलेले असते आणि पूर्वेकडे उतरतो तो कोरडा, उष्ण वारा. महाबळेश्वरला धो धो पाऊस असताना वाईत नुसते ढग दिसावेत, तसाच हा प्रकार.

म्हणूनच कोलंबोहून हबरनामार्गे पूर्व किनाऱ्यावरच्या त्रिंकोमालीला जाताना या दिवसांत पाऊस बहुधा मागे पडतो. वाटेजवळच्या मिन्नेरिया तलावाचे पाणी तर इतके ओसरते की उघड्या पडलेल्या काठावर उगवलेल्या गवतासाठी हत्तींचे कळप जमतात. पूर्व किनाऱ्यावर मुख्य पाऊस पडतो तो ऑक्टोबर ते जानेवारीत. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये मात्र जवळजवळ सर्वच बेटावर सरी असतात, आणि खरे तर जपायचे ते तेव्हा.

पडताळणीसाठी कोलंबो आणि त्रिंकोमाली यांची महिनावार सरासरी पर्जन्यमानाची कोष्टके शेजारी ठेवून जुलै व डिसेंबरचे आकडे पाहावेत.