वीस गुण करणारा गार्ड गेला, तर संघाचे किती गुण जातात?

२००९ च्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या एनबीए या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमधल्या शिकागो बुल्स संघाने आपला सर्वाधिक गुण करणारा गार्ड (बास्केटपासून दूर राहून चेंडू खेळवणारा खेळाडू) बेन गॉर्डन जाऊ दिला. त्याच्या बदल्यात ना खेळाडू मिळाला, ना ड्राफ्टमधली, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक वाटपातली, निवड. करार संपला होता, डेट्रॉइट पिस्टन्सने पाच वर्षांसाठी सुमारे साडेपाच कोटी डॉलर देऊ केले आणि गॉर्डन तिकडे गेला. आदल्या हंगामात तो सगळे ८२ सामने खेळला होता आणि सामन्याला सरासरी २०.७ गुण करत होता. असं झालं की एकच प्रश्न ऐकू येतो: हे वीस गुण आता कोण करणार?

प्रश्नात एक गृहीतक दडलेलं आहे. गॉर्डन गेल्यावर त्याच्या वाट्याचे शॉट कोणी मारणारच नाही, संघ तेवढा वेळ चेंडू हातात धरून उभा राहील, असं ते गृहीतक. प्रत्यक्षात शॉट तेवढेच राहतात, मारणारा बदलतो.

बास्केटबॉलमध्ये एका संघाचा शॉट आत गेला, चुकलेला शॉट दुसऱ्याने पकडला, चेंडू गमावला किंवा वेळ संपली की ताबा, म्हणजे चेंडू खेळवण्याची पाळी, दुसऱ्याकडे जातो. त्यामुळे सामनाभरात दोन्ही संघांना ताबे जवळपास सारखेच मिळतात. फरक पडलाच तर एखाद-दोनाचा. २००८-०९ मध्ये एनबीएच्या ४८ मिनिटांच्या सामन्यात एका संघाला सुमारे ९२ ताबे मिळत. टी-२० च्या डावात १२० चेंडू ठरलेले असतात आणि ७० धावा करणाऱ्याने त्यातले किती चेंडू घेतले हे आपण विचारतोच, तसंच इथेही विचारायला हवं.

गॉर्डनचा हिशोब करू. त्या हंगामात तो सामन्याला सरासरी १६ शॉट मारत होता आणि ४.७ फ्री थ्रो (फाउलनंतर मिळणारे एकेका गुणाचे मोकळे शॉट) घेत होता. फ्री थ्रो बहुधा जोडीने मिळतात, म्हणून दोन फ्री थ्रो म्हणजे एक संधी असं धरावंसं वाटतं. पण बास्केट होताना फाउल झाला तर वरचा एकच फ्री थ्रो मिळतो आणि तो शॉट आधीच मोजलेला असतो. टेक्निकल फाउलचा, म्हणजे गैरवर्तनासारख्या चुकीचा, फ्री थ्रो ताबा खर्चच करत नाही. तीन गुणांच्या शॉटवरच्या फाउलला तीन मिळतात. हे सगळं धरून फ्री थ्रोला ०.५ ऐवजी ०.४४ ने गुणतात. ४.७ गुणिले ०.४४ म्हणजे २.१. एकूण संधी १८.१ आणि गुण २०.७, म्हणजे संधीमागे सुमारे १.१५ गुण. त्या हंगामात सबंध लीगची सरासरी सुमारे १.०९ होती. त्याच १८.१ संधी लीगमधल्या सरासरी नेमबाजाला दिल्या असत्या तर १९.७ गुण झाले असते.

२०.७ आणि १९.७. वीस गुणांचा माणूस गेला, पण पहिल्या हिशोबात सामन्यामागे एकच गुण गेला. इथे थांबलं तर मात्र गॉर्डनवर अन्याय होईल, कारण हा हिशोब सरासरीचा आहे आणि निर्णय सरासरीवर घ्यायचा नसतो. या विषयाचं खरं मर्म इथेच आहे.

कोणत्याही खेळाडूचे सगळे शॉट सारखे नसतात. पहिले काही शॉट सोपे असतात: वेगवान प्रतिहल्ल्यात मिळालेला लेअप (बास्केटजवळ जाऊन टाकलेला चेंडू), पासवर मिळालेला मोकळा शॉट. त्याला आणखी शॉट घ्यायला लावले की दोन बचावपटू अंगावर असताना ड्रिबल करत मारलेले आणि शॉट मारण्याच्या मुदतीचं २४ सेकंदांचं घड्याळ संपत आल्यावर फेकलेले शॉट येतात. वाटा वाढतो तसा संधीमागचा गुण घसरतो.

सोयीसाठी आकडे कल्पून घेऊ. संघाच्या १०० संधी आहेत. गार्डने १० घेतल्या तर तो संधीमागे १.२० गुण करतो, १५ घेतल्या तर १.१५, २० घेतल्या तर १.१० आणि ३० घेतल्या तर १.००. बाकीचे चौघे कितीही घेतल्या तरी १.०० ने करतात. आता बेरीज करा. गार्डच्या १० संधींचे १२ गुण आणि इतरांचे ९०, मिळून १०२. त्याने १५ घेतल्या तर १७.२५ आणि ८५, म्हणजे १०२.२५. २० घेतल्या तर २२ आणि ८०, पुन्हा १०२. ३० घेतल्या तर ३० आणि ७०, म्हणजे बरोबर १००.

शेवटच्या बेरजेत गार्ड ३० गुण करतोय. लीगमध्ये गुणांच्या यादीत त्याचं नाव सगळ्यात वर असेल. तरीही संघाचे गुण १००, म्हणजे तो नसताना होतील तेवढेच. तो १७ गुण करत होता तेव्हा संघाला जास्त मिळत होते! कारण २० वरून ३० संधींवर जाताना त्याने जे जादा १० शॉट घेतले, त्यांत त्याचे गुण २२ वरून ३० झाले, म्हणजे ८ वाढले. तेच १० शॉट इतरांनी घेतले असते तर १० गुण झाले असते. त्याच्या सरासरीत हा तोटा दिसतच नाही, कारण आधीचे सोपे शॉट त्याला झाकून टाकतात.

यातून निघणारा निष्कर्ष अनेक प्रशिक्षकांना पटत नाही. गार्डची सरासरी आणि इतरांची सरासरी सारखी झाली की संघ ‘संतुलित’ झाला असं वाटतं. गणित सांगतं की सरासऱ्या सारख्या होणं हीच गार्डने जास्त शॉट घेतल्याची खूण आहे. सारखी व्हायला हवी ती शेवटच्या शॉटची किंमत, आणि तेव्हा मुख्य नेमबाजाची सरासरी इतरांहून बरीच वर असते. वरच्या उदाहरणात ती १.१५ विरुद्ध १.०० आहे.

असंच गणित रस्त्यांच्या जाळ्यात सापडतं. १९६८ मध्ये जर्मन गणिती डीट्रिख ब्राएस यांनी दाखवलं की जाळ्यात एक नवा, वेगवान रस्ता जोडल्यावर सगळ्यांचाच प्रवास लांबू शकतो. प्रत्येक चालक स्वतःला जवळचा वाटणारा मार्ग निवडतो आणि नवा रस्ता तुंबतो. भौतिकशास्त्रज्ञ ब्रायन स्किनर यांनी २०१० मध्ये हाच विचार बास्केटबॉलला लावला: प्रत्येक पास आणि शॉट हा बास्केटपर्यंतचा एक मार्ग, आणि उत्तम नेमबाज हा तो वेगवान रस्ता. प्रत्येक ताब्यात त्या क्षणी सर्वांत चांगला दिसणारा मार्ग निवडला, तर सामनाभराची बेरीज सर्वांत चांगली येईलच असं नाही. आकडेमोडीत तो मार्ग बंद केल्यावर, म्हणजे खेळाडू काढून घेतल्यावर, वाहतूक सुधारल्याचीही उदाहरणं निघतात.

आता दुसरी बाजू. इतर चौघे ‘कितीही घेतल्या तरी १.००’ हे मी सोयीसाठी धरलं होतं. वास्तवात त्यांचीही रेषा घसरते, म्हणजे वाटा वाढला की संधीमागचे गुण कमी होतात. गार्ड गेल्यावर त्याचे ३० शॉट चौघांत वाटले आणि त्यांची सरासरी ०.९५ वर आली, तर संघ १०० वरून ९५ वर येतो. ती १.०० वरच टिकली तर तोटा शून्य. म्हणून गार्डला ठेवायचं की जाऊ द्यायचं याचं उत्तर गार्डच्या आकड्यांत अर्धंच असतं. उरलेलं अर्धं, त्याच्यानंतर शॉट घेणाऱ्यांची रेषा किती उताराची आहे, यात असतं. शिवाय घड्याळ संपताना कोणाला तरी शॉट मारावाच लागतो आणि संघ तो नेमका आपल्या गार्डच्या गळ्यात घालतो. हे शॉट त्याची सरासरी खाली ओढतात. तो गेल्यावर ते नाहीसे होत नाहीत, दुसऱ्या कोणाच्या तरी गळ्यात पडतात.

शिकागोचं काय झालं? २००८-०९ मध्ये बुल्स ४१ सामने जिंकले, ४१ हरले. गॉर्डन गेल्यावर २००९-१० मध्ये पुन्हा ४१ जिंकले, ४१ हरले. हे आकडे पाहून ‘काहीच बिघडलं नाही’ म्हणणं सोपं आहे आणि ते चूक आहे. संघाचे सामन्यामागचे गुण १०२.२ वरून ९७.५ वर आले. प्रतिस्पर्ध्यांचे १०२.५ वरून ९९.१ वर आले. म्हणजे वजा ०.३ चा फरक वजा १.६ झाला.

यासाठी बेसबॉलमधून आलेलं एक सूत्र वापरतात. संघाचे गुण आणि प्रतिस्पर्ध्याचे गुण, दोन्हींचा सुमारे १४ वा घात घ्यायचा आणि आपल्या घाताला दोन्हींच्या बेरजेने भागायचं. अपेक्षित विजयांचं प्रमाण मिळतं. पहिल्या हंगामासाठी ८२ पैकी सुमारे ४० विजय येतात, दुसऱ्यासाठी सुमारे ३६. म्हणजे दुसऱ्या हंगामात बुल्सनी अपेक्षेपेक्षा जवळपास पाच सामने जास्त जिंकले. निकालपत्रकात न दिसलेला तोटा चारएक विजयांचा होता.

हा तोटा एकट्या गॉर्डनच्या जाण्याचा म्हणता येत नाही. आदल्या हंगामात दुखापतींमुळे ४९ सामने खेळलेला लुओल डेंग ७० सामने खेळला. डेरिक रोझ दुसऱ्या वर्षात १६.८ वरून २०.८ गुणांवर गेला. जोकिम नोआ बास्केटखाली मोठा खेळाडू झाला. दुसरीकडे, गॉर्डन तीन गुणांच्या रेषेबाहेरून ४१ टक्के शॉट घालत होता. असा नेमबाज कोपऱ्यात उभा असला की त्याच्यावरच्या बचावपटूला आत मदतीला जाता येत नाही आणि रोझला बास्केटकडे घुसायला जागा मिळते. त्याने शॉट न मारताही होणारं हे काम संधींच्या हिशोबात येत नाही. २०१० च्या उन्हाळ्यात बुल्सनी लांबून नेम धरणारा काइल कॉर्व्हर आणला, तो याच पोकळीसाठी.

बचावात मात्र हिशोब उलटा होता. शूटिंग गार्डच्या, म्हणजे मुख्यतः शॉट मारणाऱ्या गार्डच्या, जागेवर गॉर्डन बुटका होता. उंच गार्ड त्याच्या डोक्यावरून शॉट मारत, आणि त्याला झाकायला दुसरा आला की तिसरा मोकळा सुटे. त्याच्या जागी कर्क हाइनरिकसारखा चिवट बचावपटू जास्त वेळ खेळला. प्रतिस्पर्ध्यांचे गुण घटले त्यात याचा वाटा आहे, जरी सगळं श्रेय एकाला देता येणार नाही.

गॉर्डनबद्दल ‘शेवटच्या मिनिटांत हात तापणारा’ असं बोललं जाई. २००९ च्या प्लेऑफमध्ये, म्हणजे हंगामानंतरच्या बाद फेरीत, बॉस्टन सेल्टिक्सविरुद्ध दुसऱ्या सामन्यात त्याने ४२ गुण केले, आणि शिकागो तो सामना ११८-११५ असा हरलं. एक रात्र डोळ्यांसमोर राहते आणि ८२ सामने विसरले जातात. ‘तापलेल्या हाता’वर, म्हणजे लागोपाठ शॉट गेले की पुढचाही जाण्याची शक्यता वाढते या समजावर, १९८५ मध्ये गिलोविच, व्हॅलोन आणि ट्वर्स्की यांनी अभ्यास केला, त्यांना काही सापडलं नाही. पुढे त्या पद्धतीतली एक सांख्यिकी त्रुटी दाखवली गेली, त्यामुळे छोटासा परिणाम असू शकतो. पण त्यावर पाच वर्षांचा करार करणं म्हणजे लागोपाठ नाणेफेक जिंकली म्हणून कर्णधार कायम ठेवण्यासारखं आहे. वाहिन्यांवर ‘जिंकण्याची जिद्द रक्तात असते’ असं बोलणाऱ्यांकडे संधीमागचे गुण मागावेत.

राहिला पैसा. २००९-१० ची संघाच्या एकूण पगारांची मर्यादा ५ कोटी ७७ लाख डॉलर होती आणि ६ कोटी ९९ लाखांच्या वर गेलेल्या प्रत्येक डॉलरमागे आणखी एक डॉलर कर भरावा लागे. गॉर्डनचे वर्षाला सरासरी १ कोटी १० लाख म्हणजे मर्यादेचा जवळपास पाचवा हिस्सा. तो मोकळा ठेवून शिकागो २०१० च्या बाजारात उतरलं, कार्लोस बूझरला आणलं, टॉम थिबोडो प्रशिक्षक झाले आणि २०१०-११ मध्ये संघ ६२ सामने जिंकला. डेट्रॉइटमध्ये रिचर्ड हॅमिल्टन आणि रॉडनी स्टकी हे चेंडू हातात ठेवणारे गार्ड आधीच होते. त्यात गॉर्डनला दुखापत झाली, तो १३.८ गुणांवर आला आणि संघ २७-५५ वर. २०१२ मध्ये डेट्रॉइटने त्याच्यासोबत ड्राफ्टमधली पहिल्या फेरीची निवडही देऊन त्याला शार्लटकडे पाठवलं. माझ्या मते शिकागोचा निर्णय बरोबर होता, पण ‘तो काही विशेष नव्हता’ म्हणून नाही. तो चांगला होता. त्या पैशात त्याहून जास्त मिळू शकत होतं.

हाच हिशोब जिल्हा किंवा विद्यापीठ पातळीवरच्या संघासाठी करायचा तर दोन अडचणी येतात. पहिली नमुन्याची. एका संधीचा निकाल ०, १, २ किंवा ३ असा विखुरलेला असतो. त्याचं प्रमाण विचलन, म्हणजे निकाल सरासरीपासून साधारण किती दूर पडतात ते, सुमारे १.१. दहा सामन्यांत १८० संधी झाल्या तर सरासरीतली अनिश्चितता १.१ भागिले १३.४, म्हणजे ०.०८. गॉर्डन आणि लीगमधला फरक ०.०६ होता. दहा सामन्यांत तो दिसणारच नाही. ८२ सामन्यांच्या जवळपास १,४८० संधींतही अनिश्चितता ०.०३ राहते, म्हणजे फरक जेमतेम तिच्या दुप्पट.

दुसरी अडचण कागदाची. टेबलावर भरली जाणारी फिबाची (आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाची) अधिकृत स्कोअरशीट झालेल्या बास्केट आणि फाउल नोंदवते. चुकलेले शॉट त्यात कुठेच नसतात. ती पाहून कोण किती गुण करतो एवढंच कळतं, किती संधी खर्च करून ते कळत नाही. त्यासाठी बाकावरच्या एका खेळाडूला वेगळी वही द्यावी आणि प्रत्येक शॉटला चार गोष्टी लिहायला लावाव्यात: कोणी मारला, दोनचा की तीनचा, गेला की चुकला, आणि घड्याळावर किती सेकंद उरले होते. चौथा रकाना सोडू नये. सात सेकंदांच्या आत मारलेले शॉट वेगळे काढले की, गार्डची सरासरी त्याच्या निवडीमुळे पडते आहे की संघाने गळ्यात घातलेल्या शॉटमुळे, हे त्या वहीतूनच कळतं.