आंतरराष्ट्रीय चित्रपट पुरस्कारासाठी देशाची प्रवेशिका

अमेरिकेतील अकॅडमी ऑफ मोशन पिक्चर आर्ट्स अँड सायन्सेस ही संस्था दरवर्षी ऑस्कर पुरस्कार देते. त्यांतील ‘आंतरराष्ट्रीय चित्रपट’ या विभागासाठी प्रत्येक देशाने आपल्याकडचा एकच चित्रपट निवडून पाठवायचा असतो. त्या चित्रपटाला देशाची अधिकृत प्रवेशिका म्हणतात. इतर विभागांत निर्माता स्वतः अर्ज करतो, इथे मात्र मुख्य मार्ग देशातल्या मान्यताप्राप्त निवड समितीमार्फत जातो. त्यामुळे पुरस्कार हॉलिवूडचा असला, तरी त्याची पहिली आणि सर्वांत कठोर चाळणी ज्या त्या देशात लागते. दरवर्षी ऐंशी ते नव्वद देश या विभागात चित्रपट पाठवतात.

परभाषी चित्रपटांना अकादमीने 1940च्या दशकाच्या अखेरीपासून विशेष सन्मान द्यायला सुरुवात केली. स्पर्धेचे रूप आले ते 1956 सालच्या चित्रपटांपासून. इटलीचा ‘ला स्त्रादा’ पहिला विजेता ठरला. भारताने पुढच्याच वर्षी ‘मदर इंडिया’ पाठवला आणि पहिल्याच प्रयत्नात नामांकन मिळवले. त्याचे दिग्दर्शक मेहबूब खान बिलिमोऱ्याचे, म्हणजे त्या काळच्या बडोदे संस्थानातले. बडोदेकरांना ही ओळख फारशी करून दिली जात नाही, म्हणून इथे मुद्दाम नोंदवली. विभागाचे जुने नाव ‘परभाषी चित्रपट’ असे होते. 2019मध्ये ते बदलून ‘आंतरराष्ट्रीय चित्रपट’ झाले आणि नव्या नावाखालचा पहिला पुरस्कार दक्षिण कोरियाच्या ‘पॅरासाइट’ने घेतला.

नियम

चित्रपट 40 मिनिटांहून मोठा हवा, अमेरिकेबाहेर तयार झालेला हवा आणि त्यातले निम्म्याहून अधिक संवाद इंग्रजीखेरीज अन्य भाषेत हवेत. माहितीपट आणि ॲनिमेशनपटही चालतात. ठरलेल्या मुदतीत तो अमेरिकेबाहेरच्या व्यावसायिक चित्रपटगृहात तिकीट लावून सलग सात दिवस दाखवलेला असावा लागतो. आधी ओटीटीवर किंवा दूरचित्रवाणीवर आला, तर तो बाद होतो. हे चित्रपटगृह राजधानीत किंवा चित्रपटसृष्टीच्या केंद्रात असले पाहिजे, अशी अट नाही. बडोद्यात मराठी चित्रपटाला मल्टिप्लेक्समध्ये मोजके खेळ मिळतात, पण तेवढ्यावर सलग आठवडा निघाला, तरी नियमाच्या दृष्टीने ते प्रदर्शन मुंबई-पुण्याइतकेच ग्राह्य ठरते.

भाषेच्या अटीने अनेकदा घोळ झाले आहेत. 2019मध्ये नायजेरियाने ‘लायनहार्ट’ हा आपला पहिलाच चित्रपट पाठवला. त्यात बहुतेक संवाद इंग्रजीत असल्याने तो बाद झाला. इंग्रजी ही त्या देशाची राजभाषाच आहे, त्यामुळे या निर्णयावर टीका झाली आणि ती योग्यच होती. पूर्वी चित्रपट पाठवणाऱ्या देशाच्याच भाषेत असावा असाही दंडक होता. 2006मध्ये तो काढून टाकला आणि त्याच वर्षी दीपा मेहता यांच्या ‘वॉटर’ या हिंदी चित्रपटाला कॅनडाच्या वतीने नामांकन मिळाले.

निवड समिती अकादमीने मान्य केलेली असावी लागते आणि तिच्यातले किमान निम्मे सदस्य प्रत्यक्ष चित्रपट करणारे कलावंत-तंत्रज्ञ असावे लागतात. समितीला किती महत्त्व आहे, हे भूतानच्या अनुभवावरून कळते. ‘लुनाना: अ याक इन द क्लासरूम’ हा चित्रपट भूतानने पाठवला, तेव्हा त्या देशाकडे मान्यताप्राप्त समितीच नव्हती, म्हणून तो स्वीकारला गेला नाही. भूतानने समिती उभी केली, पुढच्या वर्षी तोच चित्रपट पुन्हा पाठवला आणि त्याला नामांकन मिळाले. हिमालयाच्या कुशीतल्या एका शाळेवरचा हा साधा चित्रपट समितीअभावी कायमचा मागे राहिला असता.

निरनिराळ्या देशांच्या पद्धती

समिती कोणी नेमायची, हे देशागणिक वेगळे असते. ब्रिटनमध्ये हे काम बाफ्टा ही चित्रपट अकादमी पाहते, दक्षिण कोरियात सरकारी पाठबळ असलेली कोरियन फिल्म कौन्सिल, जपानमध्ये निर्मात्यांची संघटना, तर इराणमध्ये फाराबी सिनेमा फाउंडेशन.

फ्रान्सची पद्धत सर्वांत विचारपूर्वक घडवलेली आहे. तिथे समिती आधी चार-पाच चित्रपटांची छोटी यादी काढते, मग त्या चित्रपटांच्या निर्मात्यांना आणि विक्रेत्यांना बोलावून अमेरिकेत चित्रपट कसा पोचवणार, हे विचारते आणि त्यानंतर एक नाव ठरवते. म्हणजे चित्रपटाच्या गुणवत्तेबरोबर त्याच्या पुढच्या प्रवासाचाही विचार होतो. तरी चूक व्हायची ती होतेच. 2023मध्ये फ्रान्सने कान चित्रपट महोत्सवाचा सर्वोच्च पुरस्कार मिळवलेला ‘अ‍ॅनाटॉमी ऑफ अ फॉल’ बाजूला ठेवून ‘द टेस्ट ऑफ थिंग्ज’ पाठवला. पाठवलेल्या चित्रपटाला नामांकन मिळाले नाही. मागे ठेवलेल्याने सर्वसाधारण विभागांत पाच नामांकने मिळवली आणि मूळ पटकथेचा ऑस्करही जिंकला.

समितीवर राजकारणाची सावली पडली की काय होते, हे ब्राझीलने 2016मध्ये पाहिले. ‘अ‍ॅक्वेरियस’च्या चमूने कान महोत्सवात आपल्या देशातल्या सत्तापालटाविरुद्ध फलक धरले होते. त्यानंतर तो चित्रपट प्रवेशिका म्हणून निवडला गेला नाही आणि निवडीच्या निःपक्षपातीपणावर देशभर वाद पेटला. पाकिस्तानात 2022मध्ये ‘जॉयलँड’ आधी देशाची प्रवेशिका ठरला आणि प्रदर्शनाच्या तोंडावर त्यावर बंदी आली. बंदी उठली नसती, तर सात दिवसांच्या प्रदर्शनाची अट अडचणीची ठरली असती. ती उठली आणि चित्रपट नामांकनाआधीच्या पंधरा चित्रपटांच्या यादीपर्यंत गेला. इराणी दिग्दर्शक मोहम्मद रसूलोफ यांना देश सोडून जावे लागले, तेव्हा त्यांचा फार्सी चित्रपट ‘द सीड ऑफ द सेक्रेड फिग’ जर्मनीने आपला म्हणून पाठवला. निर्वासित किंवा आश्रय घेतलेल्या कलावंतांचे काम आता नियमांतही स्पष्टपणे सामावून घेतले आहे. ‘एक देश, एक चित्रपट’ या चौकटीत ज्यांना देशच उरत नाही, त्यांची सोय अकादमीला उशिरा का होईना, करावी लागली.

भारतातील निवड

चित्रपट सरकार पाठवते असा आपल्याकडे सर्रास समज आहे. प्रत्यक्षात हे काम फिल्म फेडरेशन ऑफ इंडिया करते. 1951मध्ये स्थापन झालेली ही चित्रपट व्यावसायिकांच्या संघटनांची शिखर संस्था आहे. निर्माते शुल्क भरून अर्ज करतात, फेडरेशन ज्युरी नेमते, ज्युरी एका शहरात बसून सगळे चित्रपट पाहते आणि साधारणपणे सप्टेंबरात निर्णय जाहीर होतो. 2024मध्ये 29 चित्रपट विचारात होते आणि जाह्नू बरुआ ज्युरीचे अध्यक्ष होते. 2025मध्ये एन. चंद्रा यांच्या अध्यक्षतेखाली 24 चित्रपटांतून नीरज घायवान यांचा ‘होमबाउंड’ निवडला गेला. 2003 साली भारताने एकही चित्रपट पाठवला नव्हता.

आजवर नामांकनापर्यंत तीनच चित्रपट पोचले: ‘मदर इंडिया’, ‘सलाम बॉम्बे!’ (1988) आणि ‘लगान’ (2001). पुरस्कार एकालाही नाही. वर्षाला शेकड्यांनी चित्रपट काढणाऱ्या देशाच्या मानाने हा हिशेब फार तोकडा आहे, आणि त्याचे एक कारण निवडीच्या कसोटीतच आहे. ‘यातून भारत दिसतो का?’ हा प्रश्न आपल्या ज्युरींनी फार मनावर घेतला आहे. पंधरा-वीस भाषांत चित्रपट काढणाऱ्या देशाला एकच चित्रपट कसा दाखवणार? प्रश्न असा हवा की, भारताची काहीही माहिती नसलेल्या प्रेक्षकाला हा चित्रपट शेवटपर्यंत धरून ठेवील का.

2024च्या निवडीत हा पेच उघड झाला. पायल कपाडिया यांच्या ‘ऑल वी इमॅजिन ॲज लाइट’ने कानमध्ये ग्राँ प्री हा दुसऱ्या क्रमांकाचा पुरस्कार मिळवला होता. कानच्या मुख्य स्पर्धेत भारतीय चित्रपट तीस वर्षांनी पोचला होता. मुंबई आणि कोकणात घडणारा, मल्याळम, हिंदी, मराठी बोलणारा हा चित्रपट ज्युरीला भारतात घडणाऱ्या युरोपीय चित्रपटासारखा वाटल्याचे फेडरेशनच्या अध्यक्षांनी सांगितले. किरण राव यांचा ‘लापता लेडीज’ निवडला गेला. तो चांगला चित्रपट आहे. पण तेरा पुरुषांच्या ज्युरीने निवडीच्या निवेदनात भारतीय स्त्रीला शरणागती आणि वर्चस्व यांचे विचित्र मिश्रण म्हटले, त्यावर झालेली टीका रास्त होती. त्याच वर्षी कपाडियांचा चित्रपट फ्रेंच सहनिर्मिती असल्याने फ्रान्सच्या अंतिम चारांत होता, फ्रान्सने ‘एमिलिया पेरेझ’ निवडला. ब्रिटनने संध्या सुरी यांचा ‘संतोष’ हा उत्तर भारतातल्या पोलीस शिपाई स्त्रीवरचा हिंदी चित्रपट पाठवला. पंधरांच्या यादीत ‘संतोष’ आला, ‘लापता लेडीज’ आला नाही.

मराठी, गुजराती आणि बडोदे

एका गोष्टीचे श्रेय मात्र या पद्धतीला द्यायलाच हवे. फेडरेशनच्या ज्युरीसमोर छोट्या बजेटचा प्रादेशिक चित्रपट आणि मोठ्या ताऱ्यांचा हिंदी चित्रपट एकाच खुर्चीवरून पाहिले जातात. मराठीतून तीन चित्रपट देशाची प्रवेशिका ठरले: संदीप सावंत यांचा ‘श्वास’ (2004), परेश मोकाशी यांचा ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ (2009) आणि चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ (2015). ‘कोर्ट’ निवडणाऱ्या ज्युरीचे अध्यक्ष अमोल पालेकर होते. त्या चित्रपटात मराठी, हिंदी, गुजराती आणि इंग्रजी या चारही भाषा आहेत. घरात मराठी, बाजारात गुजराती आणि कचेरीत हिंदी-इंग्रजी वापरणाऱ्या बडोद्याच्या दांडिया बाजार-रावपुऱ्यातल्या माणसाला त्यातले न्यायालय परके वाटत नाही.

गुजरातीतून ग्यान कोरिया यांचा ‘द गुड रोड’ (2013) आणि पान नलिन यांचा ‘छेल्लो शो’ (2022) गेले. ‘द गुड रोड’ची निवड ‘द लंचबॉक्स’ला मागे सारून झाल्याने बरीच नाराजी उमटली. तिच्यात मूळ तक्रार निवडीच्या शहाणपणाविषयी होती, पण बोलताना अनेकांनी गुजराती चित्रपटालाच दुय्यम लेखले, हे खटकणारे होते. ‘छेल्लो शो’ने मात्र पंधरांच्या यादीत जागा मिळवली.

‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ आणि ‘छेल्लो शो’ हे दोन्ही चित्रपट सिनेमाच्या वेडाविषयी आहेत आणि दोहोंची एक वाट बडोद्यातून जाते. पहिल्याचे नायक दादासाहेब फाळके 1890च्या सुमारास सयाजीराव महाराजांच्या कलाभवनात शिकले. चित्रकलेबरोबर छायाचित्रणाचे आणि छपाईचे प्रयोग त्यांनी इथेच केले, 1913च्या ‘राजा हरिश्चंद्र’च्या वीस वर्षे आधी. दुसऱ्याचे दिग्दर्शक पान नलिन अमरेली जिल्ह्यातले. ते महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या ललित कला शाखेत शिकले, आणि सौराष्ट्रातल्या आपल्या बालपणावरच त्यांनी हा चित्रपट बेतला. एका मराठी माणसावरचा मराठी चित्रपट आणि एका काठियावाडी मुलावरचा गुजराती चित्रपट, दोन्ही भारताच्या नावाने गेले, हे या शहरातल्या मराठी शाळांच्या पाठांत यायला हवे.

निवडीनंतर

प्रवेशिका ठरली की वृत्तपत्रे ‘ऑस्करवारी’ छापतात, पण खरे काम तेव्हा सुरू होते. अकादमीचे इच्छुक सदस्य ठरवून दिलेले चित्रपट पाहून गुप्त मतदान करतात, डिसेंबरात पंधरांची यादी निघते, जानेवारीत त्यातून पाच नामांकने होतात. अंतिम मतासाठी पाचही पाहिलेले असावे लागतात. पुरस्कार अधिकृतरीत्या अनेक वर्षे देशाचा मानला गेला. दिग्दर्शकाने तो मंचावर स्वीकारायचा असतो आणि 2014पासून त्याचे नावही ऑस्करच्या बाहुलीवर कोरले जाते.

सदस्यांनी आपला चित्रपट आवर्जून पाहावा, यासाठी अमेरिकेत खेळ, मुलाखती, जाहिराती, प्रसिद्धी संस्था असा खर्च येतो. ‘लगान’च्या मागे आमिर खान आणि आशुतोष गोवारीकर अमेरिकेत तळ ठोकून होते. ‘श्वास’कडे असे बळ नव्हते. महाराष्ट्रात लोकांनी वर्गणी जमवली, शाळकरी मुलांनीही पैसे दिले. ते प्रेम अपूर्व होते, पण देशाच्या प्रवेशिकेवर वर्गणी मागण्याची वेळ यावी ही व्यवस्थेची उणीव होती. आपल्याकडे निर्णय सप्टेंबरच्या शेवटी होतो आणि पहिली यादी डिसेंबरात लागते, म्हणजे निर्मात्याला वितरक शोधण्यापासून सगळे अडीच महिन्यांत करायचे असते. फ्रान्ससारखी छोटी यादी ऑगस्टमध्येच काढून निर्मात्यांशी बोलणे, आणि निवडलेल्या चित्रपटासाठी ठरावीक प्रसिद्धी निधी ठेवणे, या दोन गोष्टी फेडरेशनला आजच्या नियमांत राहूनही करता येतील.

निवड न झालेल्यांना दुसरा मार्गही मोकळा असतो. अमेरिकेत रीतसर प्रदर्शन करून सर्वसाधारण विभागांत उतरता येते. 2022मध्ये ज्युरीने ‘छेल्लो शो’ निवडल्यावर ‘आरआरआर’च्या निर्मात्यांनी हाच मार्ग धरला आणि मार्च 2023मध्ये ‘नाटू नाटू’ला मूळ गीताचा ऑस्कर मिळाला.