झटपट पेन्सिल स्केच

झटपट पेन्सिल स्केच म्हणजे समोरचा माणूस, जनावर नाहीतर जागा अर्ध्या ते पाचेक मिनिटांत, शक्यतो खोडरबर न वापरता कागदावर उतरवणं. पुस्तकी शब्द द्रुत रेखाटन, पण आर्ट स्कूलची पोरं 'रॅपिड' किंवा 'क्विक स्केच' म्हणतात, आणि 'स्केचिंगला चाललो' म्हणजे स्टेशन, मंडई, एसटी स्टँड असं कुठेतरी वही घेऊन बसायला चाललो. वर्गातलं मॉडेल हलत नाही, स्टेशनवरचा माणूस मात्र कधीही उठून जातो, त्यामुळे काय घ्यायचं आणि काय सोडायचं हे हातालाच ठरवावं लागतं.

असं स्केच बघताना चेहरा हुबेहूब आलाय का हे आपल्याकडे सगळे आधी बघतात, माझ्या मते ते सगळ्यात शेवटी बघावं. आधी बघायचं ते रेष कुठे दाबलीय आणि कुठे सुटलीय. समजा लोकलमध्ये झोपलेल्या माणसाचं स्केच आहे. केसांसाठी दोन-चार हलके फराटे, डोळे तर नाहीतच, पण हनुवटी छातीवर टेकलीय तिथे पेन्सिल एवढी दाबलेली की पुढच्या पानावरही चर उमटलाय, मग तीच रेष खांद्यावरून उतरताना फिकट होत जाते आणि मांडीवरच्या बॅगेपाशी पुन्हा काळी होते. बस्, झोपेचं वजन आलं. खालचे पाय नाहीत कारण त्याचं स्टेशन आलं आणि तो उतरून गेला, तरी ते पाय आपण मनातल्या मनात पूर्ण करतोच. एकाच कडेला दोन-तीन रेषा दिसल्या तर ती चूक समजू नये, चित्रकार तिथे जागा शोधत होता आणि ती शोधाशोध खोडलेली नाही एवढंच. याच स्केचवर घरी बसून शेडिंग केलं की बऱ्याचदा त्यातला जीव जातो, हे ज्यांनी केलंय त्यांना माहितीय.

पेन्सिल इथे फार कामाची, कारण हाताचा दाब ती लगेच दाखवते. युद्धामुळे इंग्लंडचं ग्रॅफाइट फ्रान्सला मिळेना तेव्हा निकोला-झाक काँते या फ्रेंच संशोधकाने ग्रॅफाइटची पूड मातीत कालवून भाजली आणि 1795 मध्ये त्याचं पेटंट घेतलं. माती कमी-जास्त केली की शिसं मऊ किंवा कडक होतं, एचबी, 2बी, 6बी हे प्रकार त्यातूनच येतात (बीचा आकडा जितका मोठा तितकी पेन्सिल मऊ आणि काळी). रॅपिडला साधारण 2बी ते 6बी वापरतात, एचबीने रेष केविलवाणी दिसते.

या कामातलं मोठं नाव म्हणजे बर्लिनचा आडोल्फ मेन्झेल (1815-1905). हा गृहस्थ कुठेही गेला तरी कोटाच्या खिशांत स्केचबुकं असायचीच, आणि उतारवयात तर सुताराची जाड पेन्सिल वापरायचा, तिचा सपाट भाग फिरवला की रुंद काळा पट्टा आणि टोकाने बारीक रेघ. आपल्याकडे जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेले के. के. हेब्बर यांची नर्तकांची रेखाटनं जरूर बघावीत. त्यातली बरीच शाईतली आहेत, पण एक रेष न तुटता अख्खी गिरकी कशी सांगते ते तिथे कळतं. हेब्बर स्वतः कथ्थक शिकले होते, ते दिसतंच.

ग्रॅफाइट उन्हाने उडत नाही, पण बोटाने पुसलं जातं, म्हणून फिक्सेटिव्ह, म्हणजे ते कागदावर धरून ठेवणारा स्प्रे, मारतात (पैसे नसले की पोरं हेअरस्प्रेवर भागवतात, कागद पुढे पिवळा पडू शकतो) किंवा पानांमध्ये बटर पेपर घालतात. प्रदर्शनात फ्रेमसमोर सरळ उभं राहिलं तर काच आणि ग्रॅफाइट दोन्ही चमकतात आणि दाबलेले भाग नीट काळे दिसत नाहीत, त्यामुळे जरा बाजूला सरकून तिरकं बघावं.