आरटी-पीसीआर चाचणी

आरटी-पीसीआर चाचणी : रुग्णाच्या नमुन्यात विषाणूचा आरएनए (त्याची जनुकीय माहिती साठवणारा रेणू) आहे की नाही, हे ओळखणारी प्रयोगशाळेतील चाचणी. कोविड-१९ च्या महासाथीत निदानासाठी जगभर हीच चाचणी प्रमाण मानली गेली. सार्स-कोव्ह-२ या विषाणूचा जनुकसंच सुमारे ३०,००० घटकांच्या एकेरी आरएनए धाग्याचा असतो. पीसीआर (पॉलिमरेज चेन रिॲक्शन) या प्रती काढण्याच्या तंत्राने मात्र डीएनएच्याच प्रती काढता येतात, म्हणून आधी रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज या विकराच्या साहाय्याने आरएनएवरून डीएनए घडवला जातो. हॉवर्ड टेमिन आणि डेव्हिड बाल्टिमोर यांनी हे विकर १९७० मध्ये स्वतंत्रपणे शोधले; पीसीआरची कल्पना कॅरी मलिस यांना १९८३ मध्ये सुचली. भारतातील पहिल्या, केरळमधील रुग्णाचे निदान ३० जानेवारी २०२० रोजी पुण्याच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेतील (एनआयव्ही) तपासणीतून निश्चित झाले.

नाकातून घशाच्या मागील भागापर्यंत स्वॅब फिरवून नमुना घेतात आणि त्यातून आरएनए वेगळा करतात. यंत्रात सुमारे ९५° से. तापमानाला डीएनएचे दोन धागे सुटे होतात. तापमान ६०° से.च्या आसपास उतरले की विषाणूच्या ठरावीक जनुकभागांशी जुळणारे प्रायमर (डीएनएचे छोटे तुकडे) त्यांना चिकटतात आणि नवे धागे तयार होतात. असे साधारण ४० फेरे होतात व प्रत्येक फेऱ्यात प्रती जवळपास दुप्पट होतात. सोबत मानवी जनुकही तपासले जाते. ते आढळले नाही, तर नमुना नीट घेतला गेलेला नसण्याची शक्यता असते, आणि अशा वेळी अहवाल ‘निगेटिव्ह’ देता येत नाही.

मिश्रणातील चमकणाऱ्या रंगद्रव्याची प्रतींबरोबर वाढणारी चमक ज्या फेऱ्यात ठरलेली मर्यादा ओलांडते, त्या फेऱ्याचा आकडा म्हणजे सीटी (सायकल थ्रेशोल्ड) व्हॅल्यू; मूळ आरएनए जितका जास्त, तितका हा आकडा कमी. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने (आयसीएमआर) पॉझिटिव्ह ठरवण्यासाठी ३५ ही सीमा सुचवली होती. २० आणि ३० या आकड्यांत मूळ आरएनएचा सुमारे हजारपट फरक असतो. तरीही स्वॅब कसा घेतला आणि किट कोणते वापरले, यांवर हा आकडा हलतो; त्यामुळे दुसऱ्या लाटेत घरोघरी सीटीवरून आजाराची तीव्रता ठरवली जात होती, ती पद्धत चुकीची होती व तिने पुष्कळांना अकारण धास्ती, तर काहींना खोटा दिलासा दिला.

चाचणी आरएनएचे तुकडे शोधते, जिवंत विषाणू नव्हे. म्हणूनच बरे झालेल्या व्यक्तीचा अहवाल काही आठवडे पॉझिटिव्ह येऊ शकतो आणि संसर्गानंतरच्या अगदी पहिल्या दिवसांत तो निगेटिव्हही येतो. दंडात दिलेल्या लशीमुळे स्वॅबचा अहवाल पॉझिटिव्ह होत नाही. रक्तातील प्रतिपिंडे (विषाणूविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रथिने) शोधणाऱ्या प्रतिपिंड चाचणीचे तसे नाही : कोविशील्ड लस केवळ विषाणूच्या पृष्ठभागावरील काटेरी प्रथिनाविरुद्ध प्रतिपिंडे निर्माण करते, तर कोव्हॅक्सिनमध्ये निष्क्रिय केलेला अख्खा विषाणू असल्याने इतर प्रथिनांविरुद्धही प्रतिपिंडे तयार होतात. रक्ततपासणीचा अर्थ लावताना घेतलेली लस म्हणूनच विचारावी लागते.