ग्राहकाचं ‘ठीक आहे’ आणि मदतनीसाची लघुरूपं

ग्राहक लिहितो, “फोटो पाठवायला गेलं की नुसतं गोल फिरत राहतं. पुढे काहीच होत नाही.” दोन मिनिटांत उत्तर येतं, “तुमचं तिकीट एल-टूकडे एस्कलेट केलं आहे. टीएटी ४८ तास. तोवर कॅशे क्लिअर करून ॲप रीइन्स्टॉल करा.” ग्राहक लिहितो, “ठीक आहे.” चॅट बंद होतं. मदतनीसाच्या नोंदीत तक्रार मार्गी लागलेली असते. ग्राहकाच्या फोनवर गोल फिरतच असतं आणि डोक्यात न कळलेल्या चार शब्दांची भर पडलेली असते.

उत्तर लिहिणाऱ्याने कामचुकारपणा केलेला नाही. त्याने लगेच उत्तर दिलं, तक्रार योग्य टीमकडे सोपवली, किती वेळ लागेल तेही कळवलं. फक्त हे सगळं त्याने शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला सांगावं तसं सांगितलं. एल-टू म्हणजे किचकट तक्रारी हाताळणारी वरची टीम, एस्कलेट म्हणजे तक्रार वर सोपवणं, टीएटी म्हणजे काम व्हायला लागणारा वेळ आणि कॅशे म्हणजे ॲपने फोनवर तात्पुरती साठवलेली माहिती, हे त्या सहकाऱ्याला सांगावं लागत नाही. माणसं असं का बोलतात, यावर भाषा आणि मन यांच्या अभ्यासकांनी बरंच काम केलं आहे. त्यातून हाती आलेलं ‘सोपं लिहा’ या नेहमीच्या उपदेशापेक्षा कितीतरी उपयोगाचं आहे.

स्टॅनफर्ड विद्यापीठातले हर्बर्ट क्लार्क आणि डिॲना विल्क्स-गिब्ज यांचा १९८६ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग आहे. दोन माणसं समोरासमोर, मध्ये आडोसा. दोघांपुढे टँग्रॅमच्या, म्हणजे त्रिकोण-चौकोनांचे तुकडे जोडून केलेल्या, त्याच १२ आकृत्या. या आकृत्या अशा, की त्यांना काय म्हणायचं हेच आधी सुचू नये. एकाने शब्दांत वर्णन करायचं, दुसऱ्याने त्या क्रमाने आकृत्या लावायच्या, आणि हे सहा वेळा करायचं. पहिल्या फेरीत एका आकृतीचं वर्णन करायला सरासरी ४१ शब्द लागले. सहाव्या फेरीत आठ पुरले. एका आकृतीची सुरुवात ‘बर्फावर स्केटिंग करणाऱ्या माणसासारखी दिसते, फक्त दोन्ही हात पुढे काढलेत’ अशी झाली आणि शेवटी उरलं नुसतं ‘आइस स्केटर’.

कामाच्या ठिकाणची लघुरूपं जन्माला येतात ती अशीच. तीच तक्रार, तेच सहकारी, दिवसातून पन्नासदा तोच उल्लेख. मग लांबलचक वाक्य झिजत झिजत तीन अक्षरांवर येतं. यात गैर काही नाही. दोघांना जे माहीत आहे ते पुन्हा पुन्हा न सांगणं ही संवादातली रास्त काटकसर आहे. अडचण येते ती तिसरा माणूस आल्यावर. मायकेल शोबर आणि क्लार्क यांनी १९८९ मध्ये असाच प्रयोग करून त्यात हा तिसरा माणूस आणला. त्याने दोघांचं संभाषण ऐकलं, पण मध्ये प्रश्न विचारायची मुभा त्याला नव्हती. जो संभाषणात भाग घेत होता त्याच्याइतक्या आकृत्या या ऐकणाऱ्याला बरोबर लावता आल्या नाहीत, पहिल्या शब्दापासून सगळं ऐकूनही. ग्राहकाची स्थिती त्याहून बिकट असते. तो थेट सहाव्या फेरीत येतो.

मग जाणकाराला हे का दिसत नाही? कॉलिन कॅमरर, जॉर्ज लोवेनस्टाइन आणि मार्टिन वेबर या अर्थशास्त्रज्ञांनी १९८९ साली या प्रवृत्तीला ‘ज्ञानाचा शाप’ असं नाव दिलं. एखादी गोष्ट एकदा कळली की ती न कळण्याची अवस्था मनात पुन्हा उभी करता येत नाही. पामेला हाइंड्स यांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेलं संशोधन ग्राहकसेवेच्या फार जवळचं आहे, कारण त्यात मोबाइल फोन वापरण्याचं काम होतं. नवख्या माणसाला ते जमायला किती वेळ लागेल, हा अंदाज निष्णात लोकांना करायला सांगितला आणि मध्यम अनुभव असलेल्यांनाही. निष्णातांचा अंदाज जास्त चुकला. स्वतः शिकत असतानाच्या अडचणी आठवून पाहा, असं सुचवूनही त्यांच्या अंदाजात फारसा फरक पडला नाही. म्हणून ‘ग्राहकाच्या जागी स्वतःला ठेवून बघा’ या सल्ल्यावर माझा फारसा भरवसा नाही. हेतू कितीही चांगला असला तरी अनुभवी मदतनीसाला ती जागा दिसतच नाही.

याला स्मृतीची बाजूही आहे. १९७३ मध्ये विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन यांनी बुद्धिबळपटूंना खऱ्या डावातली मांडणी पाच सेकंद दाखवून ती आठवून मांडायला सांगितली. मास्टर दर्जाच्या खेळाडूने नवशिक्यापेक्षा कितीतरी जास्त मोहरी बरोबर मांडली. तीच मोहरी पटावर वाटेल तशी ठेवून दाखवल्यावर मात्र त्याचं हे वर्चस्व जवळजवळ संपलं. त्याची स्मरणशक्ती इतरांसारखीच होती. तो सुटी मोहरी न पाहता ओळखीचे गट पाहत होता. ‘कॅशे क्लिअर करून रीइन्स्टॉल’ हा मदतनीसासाठी असाच एक गट असतो. ग्राहकासाठी त्यात सात-आठ सुट्या पायऱ्या असतात: सेटिंग उघडा, ॲपची यादी शोधा, त्यात हे ॲप शोधा, साठवणुकीच्या पानावर जा, आणि असंच पुढे. आणि नेल्सन कोवन यांनी २००१ साली मांडल्याप्रमाणे माणूस एका वेळी मनात साधारण चारच गोष्टी धरून ठेवू शकतो. त्यातली एक जागा ‘माझे जुने फोटो तर जाणार नाहीत ना?’ या धास्तीने आधीच अडवलेली असते. या धास्तीबद्दल उत्तरात एक ओळ असती तर त्या ग्राहकाचा केवढा भार उतरला असता.

समोरासमोर हे सगळं बऱ्यापैकी सावरलं जातं. कपाळावर आठी पडते, ‘हं’ म्हणायला उशीर होतो, आणि बोलणारा आपोआप थांबून पुन्हा सांगतो. चॅटवर आणि ईमेलवर ही सोय नसते. त्यात लिहिणारा आपलं म्हणणं पोचलं असं गृहीत धरतो. जस्टिन क्रूगर, निकोलस एप्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या २००५ मधल्या अभ्यासात ईमेल लिहिणाऱ्यांना वाटत होतं, की आपण हे उपरोधाने लिहिलंय की गंभीरपणे, ते ७८ टक्के वेळा वाचणाऱ्याला कळेल. प्रत्यक्षात ५६ टक्के वेळा कळलं. नाणं उडवून ठरवलं असतं तरी ५० टक्के उत्तरं बरोबर आली असती.

लघुरूपांचा आणखी एक दोष असा, की ती न कळण्यापेक्षा चुकीची कळणं जास्त घातक ठरतं. ईमेलमधलं ‘सीसी’ म्हणजे आणखी कुणाला पाठवलेली प्रत, व्हिडिओखालचं ‘सीसी’ म्हणजे पडद्यावर उमटणारे संवाद. इथे फार तर गोंधळ होईल. पण औषधांच्या चिठ्ठीवरच्या ‘एमएस’ या अक्षरांचा अर्थ मॉर्फिन सल्फेट असाही होऊ शकतो आणि मॅग्नेशियम सल्फेट असाही. अमेरिकेत रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या जॉइंट कमिशन या संस्थेने २००४ मध्ये वापरू नयेत अशा लघुरूपांची अधिकृत यादी केली, तिच्यात हे आहे. ‘युनिट’साठी लिहिलं जाणारं इंग्रजी ‘यू’ अक्षरही आहे, कारण घाईत ते शून्यासारखं दिसतं आणि इन्सुलिनचा डोस दहापट वाचला जाण्याचा धोका असतो. तिथे डॉक्टर, परिचारिका, औषधविक्रेते असे सगळे एकाच क्षेत्रातले जाणकार. तरीही पूर्ण शब्द लिहायचा नियम करावा लागला.

अवघड शब्द ठेवून शेजारी अर्थ दिला की काम भागतं, असं बऱ्याच जणांना वाटतं. ओहायो स्टेट विद्यापीठातल्या हिलरी शुलमन आणि सहकाऱ्यांनी २०२० मध्ये ६५० लोकांना स्वयंचलित गाड्या, शस्त्रक्रिया करणारे रोबो अशा विषयांवरचे उतारे वाचायला दिले. काहींच्या उताऱ्यात पारिभाषिक शब्द होते, काहींच्या उताऱ्यात रोजचे. पारिभाषिक शब्द वाचणाऱ्यांचा रस कमी झाला आणि ‘हा आपला प्रांत नव्हे’ असं त्यांना जास्त वाटलं. शब्दावर माउस नेला की अर्थ दिसेल अशी सोय करूनही फरक पडला नाही. मदत मागणाऱ्याला मुळातच थोडं ओशाळल्यासारखं वाटत असतं. त्याला परकेपणाची जाणीव करून देणारा प्रत्येक शब्द त्याला पुढचा प्रश्न विचारण्यापासून मागे ओढतो, आणि मग नुसतं ‘ठीक आहे’ येतं. मला यातली हीच गोष्ट सर्वांत जास्त खुपते.

उपाय काय, याचं सर्वांत नेमकं उत्तर जर्मनीतल्या एका अभ्यासात मिळतं. माथियास न्यूकल्स, यॉर्ग विटवर आणि अलेक्झांडर रेंकल यांनी २००५ मध्ये संगणकतज्ज्ञांना सामान्य लोकांच्या प्रश्नांची ऑनलाइन उत्तरं लिहायला लावली. काही तज्ज्ञांना विचारणाऱ्याला संगणकाचं कितपत माहीत आहे ते दाखवलं, काहींना नाही. ज्यांना ते दिसत होतं त्यांच्या उत्तरांतून लोकांना जास्त समजलं आणि उलट प्रश्न कमी आले. तज्ज्ञ तेच, त्यांना फक्त समोरच्याचा अंदाज मिळाला होता.

चॅटवर हा अंदाज ग्राहकाच्या पहिल्या वाक्यातच असतो. ‘नुसतं गोल फिरत राहतं’ असं लिहिणाऱ्याला ‘ते गोल फिरायचं थांबावं म्हणून आधी एक करून पाहू, तुमचे फोटो जाणार नाहीत’ असं त्याच्याच शब्दांत उत्तर देता येतं. ‘डीएनएस बदलून पाहिला, तरी तेच’ असं लिहिणाऱ्याला मात्र डीएनएस म्हणजे वेबसाइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणारी व्यवस्था, असं समजावत बसलात तर तो वैतागेल, आणि ते योग्यच आहे. पडद्यावरच्या बटणावर जे लिहिलंय ते कितीही बोजड असलं तरी तसंच्या तसं सांगावं, कारण ग्राहक तेच शब्द शोधत असतो. तक्रार क्रमांक, एरर कोडही जसेच्या तसे. टीएटी, एल-टू, एस्कलेट यांना मात्र ग्राहकाच्या चॅटमध्ये काहीच काम नाही: ‘परवा संध्याकाळपर्यंत आमची दुसरी टीम तुम्हाला कळवेल’ एवढं पुरतं.

‘कळलं का?’ या प्रश्नाला बहुतेक जण हो म्हणतात. त्याऐवजी ‘आता स्क्रीनवर काय दिसतंय?’ असं विचारलं की खरी परिस्थिती समोर येते. डीन शिलिंजर यांच्या २००३ मधल्या अभ्यासात डॉक्टरांनी मधुमेही रुग्णांना सांगितलेल्या १२४ नव्या गोष्टींपैकी फक्त १५ बाबतींत रुग्णाला काय समजलं ते तपासलं होतं. ज्या रुग्णांच्या बाबतीत तपासलं, त्यांची साखर जास्त आटोक्यात होती.

आणि तयार उत्तरांचा जो साठा प्रत्येक मदतकेंद्रात असतो, तो तपासायला ज्येष्ठांना बसवू नये. नुकत्याच रुजू झालेल्याच्या हाती तो द्यावा आणि जिथे अडखळेल तिथे खूण करायला सांगावी. हे पहिल्या आठवड्यातच उरकावं. दोन-तीन महिन्यांत तोही न अडखळता टीएटी लिहू लागलेला असतो.